होडीच्या पोटातला अबोला

लातूर जिल्हा झाला आणि गावाला जिल्ह्याचं वारं लागलं. पानटपरीच्या पाटीवरसुद्धा 'जि. लातूर' असं ठळक अक्षरांत झळकलं. कुठल्याशा खात्याच्या मनात आलं, जिल्हा म्हटला की तलावात होडी पाहिजे. तीही साधी नको; शेजारी शेजारी दोन पोटं आणि वर सपाट डेक, अशी फायबरची. कागदोपत्री तिला कॅटामरान म्हणत. औसा रोडला गुरुबसप्पांचा फायबरच्या टाक्या बनवायचा कारखाना होता, काम त्यांना मिळालं. होडी साच्यातून निघेपर्यंत पाऊस असा काही रुसला, की तलावात शेरडं चरू लागली. येणारेजाणारे विचारत, "आप्पा, हिला बैल किती लागतेत?" गुरुबसप्पा मनातल्या मनात शिव्या मोजत.

होडी जोडणारा फिटर केरबा हसायचाही नाही नि चिडायचाही नाही. तो मूळचा मुखेडकडचा, नांदेडला आयटीआय करून इथे लागलेला. बायको भामाबाई त्याच कारखान्यात साच्यावर काचेच्या धाग्यांचा मॅट अंथरून ब्रशने रेझीनची चिकट राळ मारायची. दोघं एका छपराखाली काम करत, एका छपराखाली झोपत, आणि वर्षभर एकमेकांशी अवाक्षर बोलली नव्हती. म्हणजे बोलत नव्हती ती. तिला काही सांगायचंच असलं तर ती चुलीला सांगे. "भाकर झाकून ठिवलीया," असं ती चुलीकडे तोंड करून म्हणे आणि केरबा मुकाट्याने झाकण काढी.

चूक त्याचीच होती. गेल्या साली एका सकाळी कारखान्यात नांदेडकडच्या उमरीहून, तिच्या माहेरातून, फोन आला. भामाबाईचा भाऊ व्यंकटी सांगत होता, आबाचं काही खरं नाही, अक्काला ताबडतोब लावून दे. फोन केरबाने घेतला. त्याच वेळी मोठ्या टाकीच्या साच्यापाशी बादलीतल्या रेझीनमध्ये हार्डनर पडला होता. हार्डनर पडलेलं रेझीन कुणासाठी थांबत नाही. घटकाभरात बादलीतच दगड होतं. केरबाला वाटलं, एवढी बादली संपू दे, मग सांगतो. मग वाटलं, आता एकच थर राहिलाय. थरामागून थर चढला, दुपारची गाडी निघून गेली, आणि भामाबाई उमरीला पोचली तेव्हा बापाची माती झाली होती. "आबा दिस मावळस्तोवर दाराकडं बघून राहिलते," एवढंच भाऊ म्हणाला. सकाळीच फोन केल्याचंही तो बोलला, तेव्हा तिला सगळं उमगलं. पण भावासमोर तिने नवऱ्याला उघडं पाडलं नाही. निरोप उशिरा मिळाला, म्हणाली. तेव्हापासून मात्र नवऱ्यापुरतं तिचं तोंड मिटलं. आणि आता होळीनंतर तिने चुलीला सांगून टाकलं होतं, "ही व्होडी झाली की मी उमरीला जानार. माघारी यायची न्हाई."

केरबाने ते ऐकलं आणि त्या दिवसापासून त्याचा हात जड झाला. होडी जितकी पुढे सरके तितका तो मागे सरके.

शेवटचं काम डेकवरचं होतं. दोर बांधायचे खुंटे आणि कठड्याच्या खांबांचे पाय बसवायचे होते. फायबर वरून कितीही टणक दिसलं तरी नुसता स्क्रू पिळून खुंटा बसवला, तर होडीच्या एका हिसक्यात तो उपटून येतो. म्हणून डेकच्या खालून फळी रेझीनने चिकटवायची, आरपार बोल्ट घालायचा आणि खालून नट आवळायचा. वरच्याने बोल्ट पेचकसाने घट्ट धरायचा, फिरू द्यायचा नाही. नाहीतर भोकाभोवती भरलेला मसाला फाटतो नि पाणी आत झिरपतं. फिरवायचं ते खालच्याने. आता खालचा म्हणजे होडीच्या पोटात शिरलेला माणूस, आणि पोटात शिरायला मागच्या अंगाला एकच चौकोनी तोंड. केरबाने शिरून बघितलं तर खांदेच अडकले. अंगाने भरलेल्या गुरुबसप्पांचा तर प्रश्नच नव्हता. भामाबाईने काही न बोलता पदर खोचला, पाना कमरेला लावला आणि सरपटत आत गेली.

ती दिसत नव्हती, म्हणून ठोक्यांवर काम चाललं. केरबाने बोल्ट धरला की वरून ठोका मारायचा, तिने नट आवळला की खालून मारायचा. घरात न बोलणारी बाई इथे ठोक्याला ठोका देत होती, एकदाही चुकत नव्हती. केरबाला त्याची चटकच लागली. एकदोनदा काम नसतानाही त्याने उगाच ठोकलं. खालून उत्तर आलं. तिसऱ्यांदा उगाच ठोकलं तेव्हा मात्र पाना असा दणकन बसला की डेक थरथरला. केरबाला वर्षभरात पहिल्यांदा हसू आलं. रागावली तरी आपल्यावरच रागावली, असं त्याला वाटलं.

चैत्राचं ऊन पत्र्यावर तापलं होतं. आत ओल्या रेझीनची वाफ कोंडून माणूस गुदमरू नये म्हणून होडीच्या तोंडाशी मोठा पंखा लावला होता. पुढच्या टोकाकडचा खुंटा घेतला आणि लाईट गेली. पंखा गरगरत थांबला. केरबा खाली तोंडाशी वाकून ओरडला, "भाईर ये, लाईट गेलीया." आतून काही आलं नाही. तेही नेहमीचंच, त्याच्या हाकेला ती ओ देतच नव्हती. डेकवर चढून त्याने ठोका मारला. पुन्हा मारला.

खाली सगळं गप्प.

"रुसली आसंल," गुरुबसप्पा म्हणाले, "येईल की आपसूक."

तिचा अबोला केरबाला पाठ होता. ती हाकेला गप्प बसेल, जेवायला गप्प बसेल, पण कामातला ठोका तिने कधी चुकवला नव्हता. हे गप्प बसणं तिचं नव्हतं.

"भामा!" तो ओरडला. लग्न झाल्यापासून त्याने तिला अशी नावाने हाक मारली नव्हती. उडी टाकून खाली आला आणि भिंतीशी टेकवलेला घण उचलला.

"अरे, काय करायलास?" गुरुबसप्पा आडवे आले. "उद्या साहेब ताब्यात घ्याय येनार हाय! तोंडातून कुनी बारका मानूस घालू, जरा दम धर!"

"दम न्हाई धरायचा आप्पा. बाजूला व्हा."

जिकडे तिचे पाय असतील त्या अंगाला, होडीच्या कुशीवर, त्याने घण घातला. महिनोन्महिने स्वतःच्या हाताने घासून आरशासारखी केलेली ती बाजू होती. दुसऱ्या घावाला तडा गेला, मग भगदाड पडलं. पहार घालून त्याने फायबर उचकटलं, काचेच्या कुसळांनी हात रक्ताळले, आणि तिला पायांना धरून त्याने बाहेर ओढलं. सावलीत घेऊन तो तोंडावर वारा घालू लागला. त्या दिवसांत पाणी म्हणजे सोनं. गुरुबसप्पांनी पिण्याचा अख्खा माठ आणून तिच्या डोक्यावर ओतला, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं.

बऱ्याच वेळाने ती खोकली. डोळे उघडले. केरबाचे हात बघितले, त्याच्या मागे होडीचं भगदाड बघितलं. ती चुलीशी बोलली नाही.

"त्या दिशी बी आसाच घन घ्यायचा व्हता तुमी," ती म्हणाली.

"व्हय," केरबा म्हणाला. "घ्यायचा व्हता. चुकलंच माजं." आणि तो माणसांदेखत ओक्साबोक्शी रडला. मग तीही रडली, बापासाठी, पहिल्यांदाच त्याच्यासमोर.

जरा शांत झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं. "उमरीला तर मी जानारच," ती म्हणाली. "पर तुमी बी चला. वरीसभर मी भावाशी खोटं बोलले तुमच्यापायी. आता खरं काय ते तुमच्या तोंडानं सांगा त्याला."

केरबाने होकाराची मान डोलावली. व्यंकटी काय करील, दारात उभं करील की नाही, त्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेब होडी बघायला आले तेव्हा गुरुबसप्पा एकटेच भगदाडापुढे उभे होते. केरबा नांदेडच्या गाडीत बसला होता, खिडकीची जागा भामाबाईला देऊन, आणि व्यंकटीला पहिलं वाक्य काय सांगायचं ते तिलाच विचारत होता.