डावीकडे पड, तिओ!

तो शॉट एकदाच घेता येणार होता आणि तो मी घालवला.

लाकडी गाव एकदाच जाळता येतं. स्पेनच्या दक्षिणेला, ताबेर्नासच्या उजाड टेकड्यांत सुतारांनी चार महिने खपून ते उभं केलं होतं. बँक, दारूचा गुत्ता, चर्च, सगळं फक्त समोरून. मागे नुसते टेकू. त्या दिवशी दुपारी ते पेटवलं. धूर चढला, आणि त्या धुरातून आमचा वेंडल छातीत गोळी घेऊन खेचरावरून आला. मरता मरता त्याने एक वाक्य बोलायचं होतं: "माझ्या भावाला सांग, विहीर त्याचीच होती." मग खाली पडायचं. पडायच्या जागी मातीखाली पेंढ्याची गादी पुरलेली.

वेंडलने वाक्याला सुरुवात केली आणि खेचर उजवीकडे सरकायला लागलं. मी कॅमेऱ्यामागे उभा होतो. तीन वर्षांच्या सवयीने ओरडलो, "डावीकडे, तिओ! डावीकडे पड! गादी डावीकडे आहे! अरे माणसा, डावीकडे!"

तो डावीकडे पडला. अगदी गादीच्या मधोमध. एक हाड दुखावलं नाही. पण कानाला यंत्र लावून बसलेल्या इंग्रज आवाजवाल्याने यंत्र हळूच उतरवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं प्रसादाच्या प्याल्यात शिंकलेल्या माणसाकडे आमचे पाद्रीबाबा बघतील.

माझी बाजूही ऐकून घ्या. आमच्याकडे सिनेमे होतात ते मुके. म्हणजे थेटरात बोलतात, पण शूटिंगच्या वेळी कुणी आवाज टिपतच नाही. रोमहून आलेला नट त्याच्या भाषेत बोलतो, जर्मन त्याच्या, आमची गर्दीतली माणसं जेवणात काय आहे त्याबद्दल बोलतात, आणि दिग्दर्शक मधून सगळ्यांना शिव्या घालतो. आवाज नंतर शहरातले लोक बंद खोलीत बसून भरतात. त्यामुळे कॅमेरा चालू असताना गप्प बसायचं असतं, हे आमच्या गावात कुणालाच माहीत नव्हतं. हा इंग्रज दिग्दर्शक मात्र जागच्या जागी आवाज टिपणारा निघाला. त्याने सकाळी तसं सांगितलंही होतं. ते गावकऱ्यांना आमच्या भाषेत समजावून सांगायचं काम माझंच होतं. मी समजावलंही. तीनशे माणसं दगडासारखी गप्प उभी राहिली. फक्त दुभाष्या ओरडला.

वेंडल ट्रॉक्सेल ओहायोचा. तिकडे तो लोकांच्या घरच्या भट्ट्या दुरुस्त करायचा. मग सेव्हिलजवळच्या अमेरिकन विमानतळावर पाइप बसवायला आला, ते काम संपल्यावर जुना ट्रक घेऊन समुद्र बघायला निघाला आणि आमच्या गावात त्या ट्रकचा आस तुटला. आस महिनाभराने आला. तोवर वेंडल आंगुस्तियासच्या खानावळीत इतका रुळला होता की त्याची खुर्ची ठरली होती. गावात वयाने मोठ्या पुरुषाला तिओ म्हणतात, म्हणून तो तिओ वेंडल झाला.

त्याच खुर्चीवर लसणीचे मिगास, म्हणजे शिळ्या पावाचा परतलेला चुरा, खाताना त्याला एका रोमन निर्मात्याने बघितलं. उंची सव्वासहा फूट, जबडा खोगिरासारखा. निर्मात्याने मला विचारलं, "अमेरिकन आहे? मग घोडा येत असेलच?"

मी वेंडलला विचारलं. मामा इंग्रजांच्या खाणीत कारकून होता, त्याच्या जुन्या पुस्तकावरून मी इंग्रजी शिकलोय. गावात तेवढंच इंग्रजी आहे. वेंडल म्हणाला, "जन्मात बसलो नाही."

मी निर्मात्याला सांगितलं, "पाळण्यापासून बसतोय म्हणतो."

मला ते खोटं वाटलंच नाही. घोडा न येणारा अमेरिकन मी तोवर पाहिला नव्हता. खरं तर वेंडल सोडून कुठलाच अमेरिकन पाहिला नव्हता.

घोड्यावर तो दोन दिवसांत चार वेळा पडला. शेवटी आंगुस्तियासने तिचं खेचर दिलं, मार्केसा नावाचं, आणि कॅमेरा मार्केसाचे कान टाळून लावायची पद्धत पडली. पण पडणं मात्र वेंडलला सुंदर जमायचं. एखादं मोठं झाड कोसळावं तसं, सावकाश, मनाला चुटपुट लावून. तीन वर्षांत अकरा सिनेमे, अकरा मरणं. त्यातल्या एकात तो दोनदा मेला, एकदा मिशी लावून, एकदा न लावता. आणि एकात वाचला, कारण त्याला मारायच्या आधीच निर्मात्याचे पैसे संपले. बोलायला मात्र फारसं नसायचं. दिग्दर्शक म्हणायचा, "बारापर्यंत मोज, पण रागाने." वेंडल रागाने मोजायचा. पुढे माद्रिदमधला कुणी जाड आवाजाचा माणूस त्या जागी धमकी भरायचा.

"पडद्यावर तुझा आवाज बिशपसारखा वाटतो," आंगुस्तियास त्याला म्हणायची. "इथे जेवायला बसलास की फाटकाच्या बिजागरीसारखा."

"बिजागरीला तेल वाढ मग," वेंडल ताट पुढे करायचा.

हे सगळं मजेत चाललं असतं, पण ओहायोत वेंडलची आई होती. वय ऐंशी, डोळ्यांत मोतीबिंदू, कान मात्र मांजराचे. तिच्या गावात वेंडलचा एक सिनेमा लागला. शेजारीण तिला गाडीत घालून घेऊन गेली. त्यानंतर आईचं पत्र आलं. वेंडलने ते जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं आणि मी सगळ्यांना सांगत गेलो.

"शेजारीण म्हणते तूच होतास. मला चेहरा नीट दिसत नाही, पण तुझा आवाज मी ओळखते आणि तो तुझा नव्हता. सिनेमात काम करतोस असं तीन वर्षं लिहितोयस. वेंडल, तुरुंगात असशील तर तसं कळव. मी रागावणार नाही."

टेबलावर कुणी हसलं नाही. आंगुस्तियासने एप्रनच्या टोकाने उगीचच मीठदाणी पुसली. वेंडल पत्राची घडी घालत म्हणाला, "माझा धाकटा भाऊ दोनदा आत जाऊन आलाय. तोही पत्रात कधी रेल्वेत असायचा, कधी जहाजावर. तिला सवय आहे."

म्हणून तो इंग्रज दिग्दर्शक आला तेव्हा वेंडलने पैशांबद्दल अवाक्षर काढलं नाही. "माझा आवाज माझाच राहील ना?" एवढंच त्याने मला तीनदा विचारायला लावलं. राहील, म्हणाला दिग्दर्शक. मग महिनाभर खानावळीत विहिरीचं वाक्य घुमत होतं. आंगुस्तियासला इंग्रजीचा एक शब्द येत नाही, पण ते वाक्य ती कांदा चिरताना बिनचूक म्हणायची.

आणि त्या वाक्यावर मी ओरडलो.

आग विझल्यावर आवाजवाल्याने वेंडलला बाजूला नेऊन ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. पण धुराने त्याचा घसा असा बसला होता की आई सोडा, आंगुस्तियासनेही ओळखला नसता. दुसऱ्या दिवशी ते लोक सामान बांधून गेले. लंडनमध्ये कुणीतरी ते वाक्य भरलं. वेंडलला तिकडे बोलवावं एवढा तो मोठा नव्हता.

आगीच्या संध्याकाळी परत येताना ट्रकमध्ये वेंडल म्हणाला, "हिनेस, तू ओरडला नसतास तर माझी कंबर मोडली असती."

"हो ना, तिओ?" मी आशेने म्हणालो.

"कंबर बरी झाली असती," तो म्हणाला.

त्यानंतर सिनेमेवाले कमी झाले. तसले सिनेमे लोकांना पुरे झाले असावेत. वेंडलची नटगिरी संपली आणि तो विहिरींवरचे पंप आणि दुकानांतले फ्रीज दुरुस्त करायला लागला. त्यात त्याचा हात नाटकापेक्षा कितीतरी बरा आहे. आईला तो दर महिन्याला पत्र लिहायचा. ती उत्तरात एकच विचारायची, तिथे जेवायला नीट देतात का.

गेल्या उन्हाळ्यात तो आगीचा सिनेमा आमच्या उघड्यावरच्या थेटरात आला, अर्थात माद्रिदच्या आवाजात. मशीन चालवणारा इंदालेसिओ माझ्या वर्गातला. मी त्याला पटवलं: वेंडलच्या वाक्यापाशी आवाज बंद करायचा, हरवलेल्या पोरांची नावं पुकारायचा माइक वेंडलच्या हातात द्यायचा, आणि वाक्य संपलं की आवाज परत चालू. पाद्रीबाबांचं टेपयंत्र पहिल्या रांगेत. घोडे, आग, गोळ्या, सगळं येईल आणि मधोमध वेंडल. ती टेप ओहायोला.

मी घरोघर फिरलो. "दहा सेकंद," प्रत्येकाला बजावलं. "सूर्यफुलाच्या बिया चघळायच्या नाहीत. पोरांना दूध पाजून आणा."

"आणि तुझं काय?" लोक विचारायचे.

"मी तोंडावर टोपी धरणार आहे," मी सांगायचो.

सगळं ठरल्यासारखं झालं. आग लागली. पडद्यावर मार्केसा धुरातून आली. थेटरात आंगुस्तियासने तिला हळूच हाक मारली, तेवढी माफ. आवाज बंद झाला. वेंडल उभा राहिला, सव्वासहा फूट, इस्त्रीच्या शर्टात. माइक दोन्ही हातांत. बिजागरी कुरकुरली. "माझ्या भावाला सांग..."

आणि पडद्यावर खेचर उजवीकडे सरकलं.

तीनशे माणसं एकदम ओरडली, "डावीकडे, तिओ! डावीकडे पड!"

खोटं कशाला बोलू, सगळ्यात वरचा आवाज माझा होता. टोपी कुठे गेली ते मला आजही माहीत नाही.

वेंडल माइक धरून तसाच उभा. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. जवळ गेलो तर हसत होता. "टेप पाठव," म्हणाला. "दुसरी आहे कुठे?"

उत्तर यायला दोन महिने लागले. शेजारणीच्या हातचं अक्षर, शब्द आईचे. वेंडलने पुन्हा टेबलावर वाचलं, मी पुन्हा सांगत गेलो.

"आवाज तुझा आहे. भावाला सांग, एवढं ऐकू आलं, पुढे काय सांगायचं ते कळलं नाही. तू तुरुंगात नाहीस याची आता खात्री पटली, तुरुंगात एवढा गोंधळ घालू देत नाहीत. तो सगळ्यात मोठ्याने ओरडणारा कोण? त्याला नीट जेवायला घाला, फार पोटातून ओरडतो. ते वाक्य मात्र मला पूर्ण ऐकायचं आहे. मी ब्याऐंशीची आहे, तेव्हा लवकर."

वेंडलने घडी घातली आणि माझ्याकडे बघितलं. सगळ्या टेबलाने बघितलं.

"दहा सेकंद, हिनेस," तो म्हणाला. "तुझ्याकडे माझे दहा सेकंद आहेत."

ऑगस्टच्या जत्रेला तो सिनेमा परत येतोय, इंदालेसिओने माद्रिदला पत्र टाकून नक्की केलंय. गाव म्हणतंय, आम्ही गप्प बसू, हिनेसचं तेवढं बघा. आंगुस्तियासने त्यावर उपाय काढलाय. वाक्याच्या आधी ती माझ्या तोंडात मूठभर फुटाणे कोंबणार आहे आणि वर हात ठेवून बसणार आहे. काल खानावळीत तालीम झाली. वेंडल खुर्चीवर उभा राहिला, वाक्य म्हणाला, आणि उजवीकडे कलला.

फुटाणे अजून टेबलाखाली सापडताहेत.