पाठीमागचा हात

"खूश नको होऊ रे बाबा. बस." दवाखान्याच्या दारात हे शब्द ऐकू आले की घड्याळाकडे न बघता मी सांगायचो, सोमवारचे साडेनऊ झाले. मग काका आत यायचे, तेही कुत्र्याकडे पाठ करून. उजवा हात कमरेमागे, तळवा जमिनीकडे, आणि तो तळवा ते दोनदा हळूच खाली दाबायचे, भाकरी थापताना शेवटी दाबतात तसा. त्यांच्या मागे काळ्या तोंडाचं एक भलंमोठं पिवळसर जनावर मुकाट्यानं खाली बसायचं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघत नाही. आपण त्याला खडूस म्हणून मोकळे होतो. मीही झालो होतो.

माणिकपूरला जनावरांच्या एका दवाखान्यात मी ड्रेसिंग करतो. काका राजोडीला समुद्राजवळच्या एका बंगल्याचे राखणदार होते. बंगला मुंबईच्या कुटुंबाचा. ते लोक शनिवारी येत आणि रविवारी संध्याकाळी परत जात. मधले सगळे दिवस बंगल्यात काका आणि तो ग्रेट डेन, दोघेच. काकांची उमेदीची वर्षं मिठागरात गेलेली, त्यामुळे तळपाय इतके कडक की आमच्या फरशीवर ते अनवाणी चालले तरी आवाज व्हायचा. कुत्र्याचं कागदावरचं नाव सीझर. काका त्याला धाकले शेट म्हणायचे.

पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर, कानावर, चष्म्याच्या काचांवर रक्ताचे शिंतोडे होते. मला वाटलं, चावला. मी त्यांचाच हात धरून बेसिनकडे नेऊ लागलो.

"मला काय नाय झाला," ते म्हणाले. "शेटची शेपटी फुटली. रगात थांबत नाय."

शेपूट हलवून जखम होते असं सांगितलं की लोक हसतात. हसू नका. ग्रेट डेनची शेपूट म्हणजे वेताची छडी. टोकाला मांस नावालाही नाही, नुसती पातळ कातडी आणि खाली हाड. आनंदानं ती लोखंडी फाटकावर आपटते, भिंतीवर आपटते, टोक फुटतं, आणि कुत्र्याला त्याचा पत्ताही नसतो. समोर आपलं माणूस दिसत असतं, म्हणून तो आणखी जोरात हलवतो. रक्त छतापर्यंत उडालेलं मी पाहिलं आहे.

सोमवारी मी पट्टी बांधायचो. वरून एसीच्या पाइपावर असतं तसलं काळं फोमचं नळकांडं चढवायचो आणि चिकटपट्टीनं पक्कं करायचो. शुक्रवारपर्यंत खपली धरायची. शनिवारी फाटकाबाहेर गाडीचा हॉर्न वाजायचा, आणि सोमवारी काका पुन्हा हजर. माणिकपूरला भाजी घेऊन येणाऱ्या टेम्पोच्या मागच्या बाजूला, दुधी-पडवळांच्या करंड्यांमध्ये ते बसलेले असायचे आणि मांडीवर त्या कुत्र्याचं डोकं. रिक्षावाले त्यांना घ्यायचे नाहीत. सीट खराब होते म्हणायचे, आणि खोटं नव्हतं ते.

एकदा मधेच पट्टी सुटली म्हणून मी राजोडीला गेलो. फाटकापासून पडवीपर्यंत दोन भिंतींमधून जाणारी अरुंद वाट होती. मी अजून बाहेरच होतो तोवर आतून आवाज सुरू झाला. थड, थड, थड. कुणीतरी आत अडकलं आहे आणि दार ठोठावतं आहे असं वाटून मी कडीवरचा हात मागे घेतला. काकांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात चुन्याची बादली होती. कमरेच्या उंचीवर दोन्ही भिंतींवर ओल्या चुन्याचा पट्टा होता.

"शनवारच्या आधी मारून टाकतो," ते म्हणाले. "ओला आसला का दिसत नाय. सुकला का गुलाबी वर येता."

"किती वेळा मारलात?"

"कोन मोजता?"

मी भिंतीला बोट लावलं. खालचा थर खरंच गुलाबी होता. का कोण जाणे, मला तिथे पाणीही प्यावंसं वाटलं नाही.

आमच्या डॉक्टरबाईंनी शेवटी स्पष्टच सांगितलं. "अजून एकदा फुटली तर कापावी लागेल. आणि कापून सुटका होईल असं समजू नका. उरलेली शेपूटही हलतेच. ती पुन्हा फुटली की विष वर पाठीच्या कण्याकडे सरकतं." मग त्यांनी कागदावर लिहून दिलं: घरात येताना कुत्र्याला हाक मारू नये, त्याच्याकडे बघू नये, तो शांत होईपर्यंत पाठ करून उभं राहावं. "हा कागद साहेबांना द्या."

काकांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. पुढच्या सोमवारी मी विचारलं, "दिलात?"

"नाय."

"का?"

"मालकाला कसा सांगू, तुमच्याच घरात तुमी हसत येऊ नका?"

मी हसलो. वाटलं, म्हातारा भिडस्त आहे, देईल पुढच्या आठवड्यात. फोन करून मीच सांगायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम होतं.

कागद त्यांनी दिला नाहीच. त्यावरचं सगळं स्वतः करायला घेतलं. नेमक्या त्याच वेळी साहेबांच्या मुलीची परीक्षा आली आणि दीड महिना ते लोक फिरकले नाहीत. काका भाजीच्या टेम्पोवाल्याला रोज सकाळी फाटकाबाहेर हॉर्न मारायला लावायचे. मग स्वतः बाहेरून आत यायचे, तोंड मख्ख, कुत्र्याकडे पाठ. समोरून हात उचलला की कुत्र्याला वाटायचं कुरवाळणार, म्हणून हात मागे नेला. तळवा खाली. बस. शेपूट थांबली की सुक्या बोंबलाचा तुकडा. दिवसातून वीस-वीस वेळा.

"मीठ असतं त्यात," मी म्हणालो.

"तीन पान्यांनी धुतला. मिठातला मला शिकवतो?"

शेपटीची जखम भरली. टोकावर बारीक केस उगवले. त्या सोमवारी पट्टी काढल्यावर काका बराच वेळ ते टोक बघत राहिले. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "केस आले." एवढंच. हा माणूस खडूस नाही, हे मला तेव्हा कळलं.

पण खरं सांगतो, मला त्या कुत्र्याची भीती वाटू लागली होती. पूर्वी तो दवाखान्यात यायचा तो आमच्या बाटल्या पाडत. आता यायचा, बसायचा, भिंतीकडे बघायचा. डॉक्टरबाईंनी हाक मारली तरी कान तेवढे हलायचे. पाठीमागच्या त्या हातावर त्याचं सगळं लक्ष. काहीतरी वाईट होणार असं मला वाटत होतं आणि काय ते सांगता येत नव्हतं.

परीक्षा संपल्यावरच्या पहिल्याच रविवारी सकाळी साहेब दवाखान्यात आले. डॉक्टरबाई नात्यातल्या लग्नाला पुण्याला गेल्या होत्या. मी एकटाच होतो. साहेबांच्या हातात तो कागद होता, घड्यांवर फाटलेला.

"काल आम्ही गेलो तर कुत्रा तोंड फिरवून बसला," ते म्हणाले. "शेपूट पायात. मुलीनं हाका मारल्या, ढुंकून बघितलं नाही. ती जेवली नाही काल. आणि हा माणूस आता हा कागद काढून दाखवतोय. तुम्ही सांगितलं म्हणतो. तुम्ही माझ्या कुत्र्याला घाबरवायला सांगितलं होतं?"

"घाबरवायला नव्हतं सांगितलं," मी म्हणालो.

"मग? मारतो का तो त्याला?"

आता उत्तर सोपं होतं. नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण साहेबांचा आवाज चढलेला, बाहेर गिऱ्हाइकं ऐकत होती, आणि दवाखान्यावर काही येऊ नये हे माझ्या डोक्यात. मी म्हणालो, "मला काय माहीत?"

काकांना त्याच दुपारी काढलं. डॉक्टरबाई परत आल्यावर मला बोल बोल बोलल्या. त्यांनी साहेबांना फोन केला, सगळं समजावलं. साहेब म्हणाले, आता नवा माणूस ठेवलाय, आणि कुत्राही पुन्हा पहिल्यासारखा खेळकर झालाय. ते ऐकून बाईंनी फोन खाली ठेवला आणि मला टाक्यांचा दोरा किती शिल्लक आहे ते बघायला सांगितलं.

तिसऱ्या शनिवारी शेपूट फुटली. हाड दिसत होतं. अर्धी कापली.

सोमवारी साडेनऊला काका आले. एकटेच होते, तरी हात सवयीनं मागे.

"धाकले शेट कसे हायेत?"

मी सांगितलं. ते बाकावर बसले. मी म्हणालो, "काका, माझ्यामुळे झालं हे."

"तू काय खोटा नाय बोलला," ते म्हणाले. त्यापेक्षा त्यांनी माझ्या थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. जाताना विचारलं, "टाके कधी काढनार?"

"येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी. सकाळी अकराला. पण काका, तुम्हाला बघितलं तर..."

"मी कशाला दिसतो त्याला?"

त्या शनिवारी मी दारातच उभा होतो. समोर उसाच्या रसाच्या गाडीमागे काका होते, हातात ग्लास, तोंड दुसरीकडे. साहेबांची गाडी येऊन थांबली. मुलीनं मागचं दार उघडलं, कुत्रा उतरला आणि उतरल्या जागी थांबला. नाक वर केलं. वारा त्या बाजूनं होता.

मग ती अर्धी, पट्टी बांधलेली शेपूट हलू लागली. आधी हळू, मग गाडीच्या पत्र्यावर. थड, थड, थड. पांढऱ्या पट्टीवर रुपयाएवढा लाल ठिपका आला.

"पप्पा, बघा ना, मला ओळखलं त्यानं!" मुलीचा चेहरा फुलला होता. ती त्याच्या गळ्यात पडली, तशी शेपूट आणखी जोरात आपटू लागली.

काकांना आवाज ऐकू गेला असणार. त्यांनी ग्लास फळीवर ठेवला आणि ते स्टेशनच्या दिशेनं चालू लागले. वळून पाहिलं नाही. गर्दीत शिरण्याआधी फक्त उजवा हात कमरेमागे गेला, तळवा खाली. तो दोनदा दबला.

कुत्रा बसला. शेपूट थांबली. लाल ठिपका होता तेवढाच राहिला.

"हा एकदम का थांबला?" मुलीनं मला विचारलं.

"त्याला कुणीतरी बस म्हणालं," मी म्हणालो.

तिनं रस्त्याकडे पाहिलं. समोर रसाच्या गाडीच्या फळीवर अर्धा भरलेला ग्लास तेवढा होता. कुत्राही तिकडेच बघत होता, पण टाके काढून होईपर्यंत तो हलला नाही. पुढच्या सोमवारी साडेनऊला मी दारात जाऊन उभा राहिलो. त्या सोमवारी काका आले नाहीत, नंतरही कधी आले नाहीत.