तक्रारीचा रिकामा रकाना

"पण पेशंटनं काय सांगितलं, ते कुठे लिहिलंय?" फोनवरची नर्स तिसऱ्यांदा विचारत होती.

"तिनं काही सांगितलं नाही," मी म्हणाले.

"मग डोकं दुखतंय हे त्यांना कळलं कसं?"

"त्यांनी तिचा हात धरला."

डेबी नावाची ही नर्स इन्शुरन्स कंपनीत क्लेम तपासायची. भली बाई होती. तिनं हसू आवरलं ते मला ऐकू आलं.

मी तेव्हा न्यू जर्सीत, पिस्कॅटवेजवळ, एका कोरियन वैद्यांच्या क्लिनिकमध्ये बिलिंग करत असे. बिलिंग म्हणजे कोणावर काय उपचार झाले ते ठरलेल्या कोडमध्ये लिहून इन्शुरन्सकडे पाठवायचं आणि नकार आला की पाठपुरावा करायचा. वैद्यांना सगळे 'वोनजांगनिम' म्हणत, म्हणजे दवाखान्याचे प्रमुख. सुयांचा उपचार म्हणजे अॅक्युपंक्चर आणि पाकिटातले काढे, हे त्यांचं काम. गेल्या हिवाळ्यात ते गेले. तेव्हापासून ही हकिकत लिहिते आहे. दिवसाला चार ओळी होतात.

गोष्ट २००५ ची. अर्चना नागपूरची, एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. तिला अर्धशिशी होती. आठवड्यातून तीनदा डोकं उठायचं. सिक लीव्ह संपली होती आणि मॅनेजरनं दोनदा बोलावून समज दिली होती. नोकरी गेली तर व्हिसाही जाणार होता.

तिनं पहिल्यांदा फोन केला तेव्हा मी तिचा प्लॅन तपासून सांगितला. अॅक्युपंक्चर कव्हर्ड आहे, पण क्लिनिक नेटवर्कमधलं, म्हणजे इन्शुरन्स कंपनीशी करार असलेलं हवं. वर्षाला वीस व्हिजिट. काढे धरलेले नाहीत.

"ते ठीक आहे ताई," ती म्हणाली, "पण माणूस कसा आहे?"

नेटवर्कच्या यादीत आमचं धरून तीन क्लिनिक होती. ती तिन्हीकडे गेली. प्रत्येक ठिकाणी समोर बसली, मनगट पुढे केलं आणि गप्प राहिली. तिचे वडील नागपूरला वैद्य होते. ज्याला विचारावं लागतं तो वैद्य कसला, असं ते म्हणायचे. पहिल्यानं तिला फॉर्म भरायला दिला. दुसऱ्यानं कामाचा स्ट्रेस आहे का विचारलं. वोनजांगनिमनी डोळे मिटून दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "डोकं. उजवी बाजू. झोप नाही."

अर्चना माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "हेच. बाकी काही पाहायचं नाही."

आमच्याकडे येणाऱ्या कोरियन आज्याही असंच मनगट पुढे करून गप्प बसत, त्यामुळे कोणालाच यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. नोंदीच्या कागदावर मुख्य तक्रारीचा एक रकाना असतो. त्यात पेशंटचे स्वतःचे शब्द लिहायचे असतात. तो रिकामा राहिला. मी पाहिलं होतं आणि बोलले नाही.

सुयांबरोबर ती स्वखर्चानं त्यांचा काढाही घेत होती. सहा व्हिजिटमध्ये डोकेदुखी आठवड्याला एकवर आली. मग इन्शुरन्स कंपनीनं नोंदी मागवल्या आणि क्लेम नाकारला. कारण दिलं होतं 'मेडिकल नेसेसिटी' सिद्ध होत नाही, म्हणजे उपचारांची गरज होती हे कागदांवरून दिसत नाही. पुढच्या व्हिजिटही थांबल्या.

अर्चना लंच टाइममध्ये धावत आली. "ताई, आता लिहून टाका ना. कोणाला कळणार आहे?"

"तारीख आजचीच टाकावी लागते. मागची टाकली तर त्यांचं लायसन्स जाईल."

"बाप रे. एवढ्याशा रकान्यासाठी?"

डेबीनं मार्ग सांगितला होता. आजच्या तारखेची पुरवणी नोंद करा, फॅमिली डॉक्टरचं पत्र जोडा, यापुढे दर वेळी पेशंटला विचारून लिहा आणि अपील करा. विचारायच्या गोष्टींची यादीही तिनं फॅक्स केली.

वोनजांगनिमना हे सांगणं अवघड होतं. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"मी विचारलं तर ती म्हणेल, याला येत नाही."

"तिला मी सांगते."

"माझे वडील कधी विचारत नसत."

"तिचेही नाहीत," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते तिच्यासमोर यादी घेऊन बसले. "दुखणं किती? शून्य ते दहा?"

"तुम्हीच सांगा ना."

"मी म्हणतो सात. पण माझं चालत नाही. तुमचं पाहिजे."

ती हसली. आणि मग बोलायला लागली ती थांबेना. मी लिहून घेत होते. दुखणं कधी सुरू झालं, आधी डोळ्यांपुढे कसं चमकतं, मीटिंगमधून उठून ती बाथरूममध्ये अंधार करून कशी बसते. यादीतला शेवटचा प्रश्न होता, इतर औषधं कोणती?

"गोळ्या? त्या तर घेतेच. आईनं पाठवल्यात. सकाळी एक, दुपारी एक, ड्राइव्ह करायच्या आधी एक."

"रोज?"

"रोजच. वर्ष झालं."

तिनं पर्समधून स्ट्रिप काढली. अॅस्पिरिन होतं. वोनजांगनिमनी तिची बाही वर सारली. सुयांच्या जागी मोठे निळे डाग होते. ते त्यांनी आधीही पाहिले होते, पण कातडी नाजूक असेल असं धरून चालले होते. त्यांच्या काढ्यातलं एक मूळ रक्त पातळ करणारं होतं, आणि या गोळ्याही तेच करत होत्या.

"काढा बंद. आजपासून. हे मला का सांगितलं नाही?"

"मला वाटलं, तुम्हाला कळलंच असेल."

त्यांनी गोळ्यांची स्ट्रिप उलटून पाहिली. मग मान किंचित झुकवून म्हणाले, "नाडीत नव्हतं."

त्या दिवशी त्यांनी सुया लावल्या नाहीत. पत्र देऊन तिला तिच्या फॅमिली डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. रोजच्या गोळ्यांनीच डोकेदुखी टिकून राहते असं सांगून त्या हळूहळू बंद केल्या. त्यांचं पत्र मी अपीलला जोडलं. तीन आठवड्यांनी उरलेल्या व्हिजिट मंजूर झाल्या. पहिल्या सहा नाहीत, आणि करारानुसार त्यांचे पैसे अर्चनाच्या माथी मारता येत नव्हते. वोनजांगनिमनी तक्रार केली नाही. "त्या सहा वेळा मी अर्धंच काम केलं," म्हणाले. उन्हाळ्यापर्यंत अर्चनाचं डोकं महिन्यातून एकदा दुखू लागलं. नोकरी राहिली.

इन्शुरन्स कंपनीचे आभार मानणारी बिलिंगवाली मी बहुधा एकटीच असेन. पण डेबी त्या रकान्यासाठी अडून बसली नसती, तर काढा आणि गोळ्या किती दिवस एकत्र चालल्या असत्या याचा विचार मला आजही करवत नाही. कोणी विचारलं तर सांगते, क्लिनिकचं लायसन्स बघा, नेटवर्क बघा, व्हिजिट किती आणि काढे धरलेत का ते आधी फोनवर विचारा. वैद्याची परीक्षा घ्यायची तर खुशाल घ्या, पण तो पास झाल्यावर तोंड उघडा.

वोनजांगनिमनी नाडी सोडली नाही. आधी नाडी बघत, एका चिठ्ठीवर निदान लिहून ती पालथी ठेवत, मग पेशंटला सगळं विचारत आणि शेवटी चिठ्ठी उलटत. वर्षभरानं मी विचारलं, निदानं किती बरोबर निघतात?

"पूर्वी सगळी निघायची," ते म्हणाले. "आता विचारतो, म्हणून कमी निघतात."