विहिरीकडच्या दोघी

माझी पिठाची गिरणी हाय. गावातली गोष्ट आधी माझ्याकडं दळून निघते, मग घरोघर जाते. तवा रेश्मा कुंभाराचं खरं काय ते माझ्याकडनं ऐका.

म्हसवडच्या अलीकडं आमचं गाव. तानुबाईची ही एकुलती लेक. आईनं माठ करावा, हिनं त्याला नाक-डोळं काढावं. पुढं सांगलीला चिनी मातीचं काम शिकली. आता मातीची बाई अशी बसवते, की वाटावं आत्ता उठून चहा ठेवंल. सांगलीतच तिला चंदनबाला भेटली. द्राक्षबागवाल्या जैनाघरची, कांदा-लसूण न खाणारी, बोलायला मऊ. दोघी एकमेकींच्या झाल्या. रेश्मानं काय लपवलं न्हाई. आईपुढं बसून सांगितलं, "मला नवरा नको आई. माझा संसार हिच्यासंगं."

तानुबाईनं पाठ फिरवली. "यायचं तर एकटी ये, आन् मागच्या दारानं ये," म्हणाली. रेश्माबी तिचीच लेक. "आले तर दोघी, न्हाईतर न्हाई." तीन वर्सं झाली, त्या उंबऱ्याला तिचा पाय लागला न्हाई. माळावर, विहिरीजवळच पत्र्याची शेड मारली, भट्टी बांधली, आन् दोघी ऱ्हायल्या. पण भट्टी लावली की ही गावाकडं तोंड करून बसायची. आई धूर बघत असंल का, एवढंच मनात. जगाला न भिणारी पोरगी, आन् आईच्या दारापुढनं जाताना मान खाली घालते. मला ते बघवायचं न्हाई.

औंदा तिनं सगळ्यात मोठं काम काढलं. मांडीला मांडी लावून बसलेल्या दोन बाया, दोघींच्या मांडीवर एकच पदर पसरलेला. खाली बैठकीवर चौफेर हिचीच गोष्ट. बापाची विजार घालून झाडावर चढलेली पोर, पाव्हण्यांपुढं पोह्यांचं ताट धरून उभी पोर, एका ताटात जेवणाऱ्या दोघी. तुकड्यातुकड्यानं भाजून जोडलं, वर हिरवी झिलई. जोडल्यावर शेडच्या दारातनं आत जाईना, म्हणून सांगलीला न्यायला टेम्पो येईस्तोवर विहिरीकडंला करंजाखाली ठेवलं.

सकाळी रंगुबाई पाण्याला गेली, ती हात जोडतच माघारी आली. विहिरीवर आसरा परगटल्या म्हणं, पाण्यातल्या देवी. झालं. हळद-कुंकू काय, हिरव्या बांगड्या काय, दहीभात काय. शेडकडं गावातलं कुणी फिरकत न्हाई, तवा ते रेश्माचं काम हे मला एकटीलाच ठावं व्हतं, पण गप बसले. म्हणलं, ह्या दोघींना बघून नाकं मुरडणाऱ्याच पाया पडत्यात, तर पडू द्या की. गंमत लय वाटली, आन् रागबी आला. देवी म्हणून चालत्यात, बाया म्हणून चालत न्हाईत.

दुपार कलली तवा तानुबाई गिरणीवरनं निघाली. हातात खण-नारळाचं ताट.

"कुठं गं?" मी इचारलं.

"आसरांची ओटी भरते. माझ्या पोरीला सुबुद्धी दे म्हणते. चांगलं घर मिळू दे म्हणते."

गिरणी बंद केली आन् तिच्या मागनं पळाले.

तानुबाई पाया पडायला वाकली, ती वाकलेलीच ऱ्हायली. एकीच्या भुवईवर खोक व्हती. रेश्मा लहानपणी चाकावर पडली तवाची. मग ती खाली बसली आन् बैठकीवर बोट फिरवत फिरवत सरकत गेली. शेवटाला एक दार व्हतं, दारात पाठमोरी बाई. रेश्मा आन् चंदनबाला शेडमधनं बाहेर येऊन उभ्या ऱ्हायल्या.

"ही मी व्हय?" तानुबाईनं इचारलं.

"व्हय आई," रेश्मा म्हणाली.

"मग तोंड का काढलं न्हाईस?"

"तू वळलीच न्हाईस."

तानुबाई डोळं पुसून उठली. "ओटीचं ताट भरून आणलंय," म्हणाली. "ते माघारी न्हेत न्हाईत. पदर धरा."

रेश्माच्या अंगात शर्ट-प्यांट, पदर कुठला? चंदनबालानं आपली ओढणी काढली, दोन टोकं आपण धरली, दोन रेश्माच्या हातात दिली. त्या एका ओढणीत तानुबाईनं गहू घातलं, खण घातला, वर नारळ ठेवला. सवाशिणीला लावत्यात तसं दोघींच्या कपाळाला कुंकू लावलं. मी रडले, खोटं कशाला सांगू.

मग रिकामं ताट घेऊन ती घराकडं निघाली. थोडी पुढं गेली आन् वळली.

"उद्या जेवायला या. दोघी. पुढच्या दारानं." आन् चंदनबालाकडं बघून म्हणाली, "भाजीत लसूण घालत न्हाई मी."