फील्ड सपोर्ट

"उद्या येताना आईची शेतातली साडी नेसून ये," सर म्हणाले. "आणि ती बॅग अंगात घाल. बोलायचं काही नाही. नुसतं उभं राहायचं."

मी नेसून गेले. हे आधी सांगते. मी नकार दिला तेवढंच लोकांना आठवतं. मला हे आठवतं.

यवतमाळचं आमचं कॉलेज, उद्योग-कल्पनांची स्पर्धा, भरलेला हॉल. पुढच्या रांगेत पाहुणे, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कारखाना असलेले. मी स्टेजच्या कडेला, मायच्या विटक्या साडीत, खांद्यावरून कापूस वेचायची बॅग अडकवून. माईक केतकीच्या हातात. केतकी बीएस्सीची, वकिलाची मुलगी, इंग्रजी फाडफाड. "धिस इज अवर टार्गेट कस्टमर," ती म्हणाली आणि माझ्याकडे हात केला.

पाहुण्यांनी मला विचारलं, "काय बाई, दिवसाला किती वेचता?"

हॉल हसला. सर उठले. मला वाटलं आता सांगतील, ही बीएची विद्यार्थिनी आहे, बॅग हिनंच बनवली. सर म्हणाले, "कॉलेजचीच मुलगी आहे साहेब. पण ओरिजिनल आहे."

पुन्हा हसले. या वेळी जास्त. मी खाली पाहिलं. साडीच्या काठाला कापसाच्या पराटीचा वाळका पाला चिकटला होता. तो काढावा की राहू द्यावा, एवढंच सुचत होतं.

माझा विषय इतिहास. त्या वर्षी बीए, बीएस्सीवाल्यांसाठी 'उद्योजकता आणि नवोपक्रम' हा पेपर नवा आला होता. धंदा-व्यापार न शिकणाऱ्यांनीही नवं काही उभं करायला शिकावं म्हणून. पहिल्या तासाला सरांनी सांगितलं, "आपल्या आसपासची एक अडचण शोधा आणि तिच्यावर तोड काढा." मला ते खरं वाटलं. इतक्या वर्षांत पुस्तकाबाहेरचं काही कोणी विचारलंच नव्हतं.

मला अडचण शोधावी लागली नाही. आमचं गाव दारव्ह्याजवळ. आम्हाला स्वतःचं शेत-वावर नाही. माय लोकांच्या वावरात कापूस वेचते. कमरेला फडक्याची झोळी बांधायची, वेचून वेचून तिच्यात भरायचं. सगळं ओझं कमरेवर. मायच्या कमरेला त्याचा काळा पट्टा पडलाय, आंघोळीनं न जाणारा. त्यात ती बोंडअळीची वर्षं. अर्धी बोंडं आतून खाल्लेली. किडक्या कापसाला आमच्याकडं कवडी म्हणतात. चांगला आणि कवडी एकाच झोळीत गेले, की दिवसभर वेचून आलेल्या बायांनीच संध्याकाळी ते बसून निवडायचे.

मी बॅग केली. ओझं दोन्ही खांद्यांवर, पुढं दोन कप्पे. एक चांगल्याचा, एक कवडीचा. शेजारच्या काकूंच्या मशीनवर शिवली. माय ती घालून वावरात गेली आणि परत येऊन म्हणाली, "खांदा कापून राह्यला व माय. पट्टा रुंद कर. अन् कवडीचा कप्पा डाव्या अंगाले घे, उजवा हात आडवा येते." मी उसवलं, पुन्हा शिवलं. चार वेळा. चौथ्यांदा शिवल्यावर मात्र संध्याकाळी मायनं काही खोट काढली नाही. हातपाय धुतले, भाकरी थापायला बसली. तेव्हा समजलं, जमली.

वर्गात मीच मांडलं होतं आधी. सर म्हणाले, "कल्पना चांगली आहे. पण हे मले-तुले बोलणं स्टेजवर नाही चालणार." मला केतकीच्या गटात टाकलं. नंतरचं सांगितलंच.

आमचा गट पहिला आला. पुढची फेरी बाहेरगावी होती. सरांनी केबिनमध्ये बोलावून फॉर्म पुढं केला, सही कर म्हणाले. मी वाचला. संकल्पना: केतकी. आर्थिक नियोजन: गटातला दुसरा मुलगा. सगळ्यात खाली मी. माझ्या नावापुढं दोन शब्द. फील्ड सपोर्ट.

मी म्हटलं, "सर, संकल्पना माझी हाय. माझं नाव तिथं पाहिजे. अन् माझ्या मायचं बी."

"आई काय विद्यार्थिनी आहे आपली?"

"बॅग तिनं दुरुस्त केली, सर. चार वेळा."

"फॉर्ममध्ये तशी जागा नाही. सही कर. आणि जाताना ती साडी घे परवासारखी."

मला रागही धड येत नव्हता. नुसता थकवा आला. इतका, की खाली बसावंसं वाटलं. पण पेन मी टेबलावर ठेवला.

"सही नाही करत. साडी बी नाही नेसत."

"तुझ्यावाचून अडणार नाही कोणाचं."

खरंच नाही अडलं. त्यांनी शिंप्याकडून नवी बॅग शिवून घेतली. दुसरा नंबर आला. वर्तमानपत्रात फोटो छापून आला. मधे सर, बाजूला केतकी आणि कडेला, बॅग घालून, आमच्या कॉलेजात झाडू मारणाऱ्या शेवंतामावशी.

मला उद्योजकतेच्या पेपरात नापास केलं. गटकार्यात सहभाग नाही, असं कारण.

मी शेवंतामावशींना व्हरांड्यात गाठलं. "मावशी, तुमाले काय सांगून नेलं?"

"साहेबानं म्हटलं गाडीत बस, मी बसली." झाडू थांबला नाही. "काहून वं? काही चुकलं का माहं?"

"तुमचं नाही चुकलं."

"मंग सरक तिकडं. झाडू दे."

घरी आले. मायला सगळं सांगितलं, फोटो दाखवला. फोटोतल्या बॅगेवर बोट ठेवून ती म्हणाली, "यायनं पट्टा बारीकच ठेवला. खांदा कापते हा."

त्याच दिवशी मी प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. बॅग कोणी केली, कोणी सुधारली, फॉर्मवर काय लिहिलं, स्टेजवर काय बोलले. सगळं जसंच्या तसं. मायचं नाव माझ्या आधी लिहिलं. उत्तर नाही. दुसरा दिला. उत्तर नाही. ऑफिसातले बाबू म्हणाले, "कशाला डोकं खराब करतेस? पेपर पुन्हा दे, सुट."

पेपर मी पुन्हा देणारच आहे. त्याच विषयाचा, त्याच सरांपुढं, ह्याच बॅगेवर. मले-तुले म्हणतच मांडीन. पुन्हा नापास केलं तर पुन्हा देईन.

आणि सोमवारी तिसरा अर्ज. या वेळी दोन प्रती काढल्यात. दुसऱ्या प्रतीवर अर्ज मिळाल्याचा शिक्का आणि तारीख पडल्याशिवाय मी ऑफिसच्या खिडकीपासून हलणार नाही.