फोन फुटला, पासवर्ड वाचले

मंडळी, आज सकाळी दवाखान्याच्या पायऱ्यांवर माझा फोन पडून फुटला. सगळे पासवर्ड फक्त त्यातच आहेत असं मला वाटलं, कारण क्लाउडवर ठेवायची मला भीती वाटते.

अम्मीला मागच्या वेळी भुलीचं औषध मानवलं नव्हतं. आजच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांना ते जुने रिपोर्ट हवे होते. रिपोर्ट माझ्या ईमेलमध्ये, आणि त्याचा पासवर्ड मला पाठ नाही!

दुसऱ्याच्या फोनवरून छावणी भागात राहणाऱ्या धाकट्या बहिणीला रडतच सांगितलं. ती म्हणाली, "आपा, रडू नको. ईदला तूच पासवर्डची फाईल माझ्या लॅपटॉपवर ठेवलीस ना? घेऊन येते."

फाईलचा मुख्य पासवर्ड तेवढा डोक्यात होता. रिपोर्ट मिळाले, डॉक्टरांनी औषध बदललं.

आता अम्मी शुद्धीवर आहे, चहा मागतेय. लई हलकं वाटतंय.

सांगा, आता क्लाउडवर जाऊ, की बहिणीकडंच प्रत ठेवत राहू?