एकदाच दाबलेलं बटण

सासूबाईंनी पाचव्या मजल्याचं बटण दाबलं की दिवा लुकलुकायचा, विझायचा, आणि लिफ्ट ढिम्म हलायची नाही. शेजारचं कुणी आलं की तीच लिफ्ट निमूट वर! झालं, सगळ्या बिल्डिंगने ठरवून टाकलं की म्हातारीचं डोकं काम करेनासं झालंय. लेकीने डोळे पुसले आणि आईचं बिऱ्हाड आपल्या घरी हलवायचा दिवस ठरवला, रविवार.

आता गंमत बघा. त्या लिफ्टच्या बटणांचा ड्रायव्हर, म्हणजे बटणं चालवणारा प्रोग्राम, लिहिला होता त्यांच्याच जावयाने! संगणक प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलच्या पोटात, शिरून काम करण्यात त्याची अर्धी हयात गेलेली. कामाला चोख, पण कुणी त्याच्या कोडकडे बोट दाखवलं की नाकाला मिरच्या झोंबायच्या. "आई, बटण जरा नीट दाबत जा," असं त्याने दोनदा सुनावलंही होतं.

गुरुवारी तो सामान बांधायला गेला, तर सासूबाई भाजीची पिशवी घेऊन खालीच भेटल्या. लिफ्टमध्ये त्यांनी बटणाला अलगद बोट लावलं, काढलं आणि शांत उभ्या राहिल्या. दिवा विझला. हा सवयीने बटणावर तुटून पडला आणि लिफ्ट निघाली.

"अहो जावईबापू, एकदा सांगितलंय ना त्याला? सारखं काय टोचायचं!"

तो चपापला. ऑफिसात तपासणी करणारे सगळे त्याच्यासारखेच उतावळे. एकदाच दाबून गप्प उभं राहणारं माणूस तिथे होतं कुठे?

बांधलेल्या खोक्यावर लॅपटॉप ठेवून तो बसला. कोणतं बटण दाबलं याची नोंद चिपमधल्या एका रजिस्टरमध्ये व्हायची, आणि ते वाचलं की आपोआप कोरं व्हायचं. चिपच्या माहितीपुस्तकात तसं स्वच्छ लिहिलेलं. आणि हा शहाणा ते दोनदा वाचत होता! आधी कुणी दाबलं का ते बघायला, मग मजला कोणता ते बघायला. दुसऱ्यांदा तिथे काय मिळणार, कपाळ! पुन्हापुन्हा दाबणाऱ्यांची नवी नोंद दोन वाचनांच्या मध्ये पडायची, म्हणून त्यांचं तेवढं निभून जात होतं.

एकदाच वाचून जपून ठेवायचं, दोन ओळींचं काम. शुक्रवारी ऑफिसात प्रत्येकाला एकदाच बटण दाबायला लावलं, शनिवारी नवा ड्रायव्हर लिफ्टमध्ये चढवला. सासूबाईंनी अलगद बोट लावलं. लिफ्ट सुरळीत पाचव्या मजल्यावर!

"चुकलो, आई. डोकं माझंच फिरलं होतं." त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोबत आलेली लेक रडता रडता हसत सुटली.

"राहू दे हो. आधी ती खोकी सोडा."

"कात्री कुठल्या खोक्यात आहे?" त्याने विचारलं.

"कात्री मी बांधलीच नाही," सासूबाई म्हणाल्या. "लागणार हे मला ठाऊक होतं."